पन्नास मीटर म्हणजे किती पावलं?

परवा रिचमंड पार्कमध्ये एका बाईंनी माझ्या वडिलांना हटकलं. कुत्रं फिरवायला आलेल्या होत्या. "मागे व्हा, पन्नास मीटर!" शब्द साधेच, पण तो सूर अजूनही माझ्या डोक्यातून जात नाही.

अण्णा आणि माय दसरा करून औशाहून लंडनला आलेत. ऑक्टोबरात इथली झाडं पिवळी-तांबडी होतात आणि ह्याच दिवसांत पार्कातली हरणं माजावर येतात, म्हणून दर शनिवारी आम्ही डबा घेऊन तिकडे जातो. त्या दिवशी अण्णांना नर दिसायच्या आधी ऐकू आला. नेच्याच्या झुडपांमागून खोल, घशातून ओढलेला आवाज. "अगं, वळू डुरकायलाय कुठंतरी!" म्हणत ते निघालेच. बाहेर आला तो रेड डिअर, आपल्या सांबराच्या जातकुळीतला. शिंगांवर वाळका नेचा लोंबत होता. माजावरचे नर शिंगं झुडपांत घुसळतात आणि अडकलेला नेचा तसाच मिरवत हिंडतात. "पोळ्याच्या बैलाला बाशिंग बांधलंय जणू," माय म्हणाली आणि तिनं हात जोडले. नीट दिसावं म्हणून अण्णा दोन पावलं पुढे सरकले, तेवढ्यात त्या बाई.

नियम योग्यच आहे. ह्या दिवसांत नराच्या आणि त्याच्या माद्यांच्या मध्ये माणूस आला तर तो सरळ अंगावर येतो. पन्नास मीटर लांब राहा, खायला घालू नका, हे इथली शाळेतली पोरंही पाळतात, आणि ते मला मनापासून आवडतं. पण ह्या माणसानं आयुष्यात जनावर बघितलेलं नाही, असं धरून त्या बोलल्या. ते लागलं.

माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं हरणांपासून रान राखलंय. हरभरा वीतभर वर आला की काळविटांचा कळप यायचा आणि सकाळपर्यंत तासच्या तास शेंडे खुडलेले असायचे. हरणं गेली की रानडुकरं. थंडीत घोंगडं पांघरून जागलीला जायचं, बॅटरी मारायची, पत्र्याचा डबा बडवायचा, बस. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं काळविटाला हात लावता येत नाही, पण अण्णांना कायदा सांगावा लागला नाही. "त्येलाबी प्वाट हाय," एवढंच म्हणायचे, आणि आम्ही पोरं नुकसानभरपाईचे अर्ज लिहायचो.

इथली गोष्ट वेगळी. १६३७ साली पहिल्या चार्ल्स राजानं शिकारीसाठी हे रान भिंत घालून बंद केलं. आज त्यात सुमारे ६३० हरणं मोकळी फिरतात. अडीच हजार एकर, हे ऐकून अण्णा थांबले. "आन् पीक?" पीक नाही. राखणदार नाही, कुणाच्या पोटावर पाय नाही. इथं हरणावर माया करायला काहीच मोजावं लागत नाही, असं मला त्या क्षणी फार तीव्रतेनं वाटलं. शिवाय वाघ-लांडगा नसल्यामुळे कळप वाढत जातो आणि चारा पुरत नाही, म्हणून दर नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत पार्कच काही हरणं मारतं. त्यामागचं कारण मी अण्णांना नीट समजावलं, मला ते पटतंही. अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आपल्याकडं पीक खाऊन जगत्यात की गं." हे त्या बाईंना ऐकवायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

बाकी दिवस फार आनंदात गेला. तळ्याकडे जाताना डोक्यावरून हिरवा थवा कलकलत गेला आणि अण्णांचा हात आपसूक वर उठला, गोफण धरल्यासारखा. "राघू! हिथं?" अगदी आपलेच, ज्वारीच्या कणसावर तुटून पडणारे, लाल चोचीचे, गळ्यात कंठ असलेले. लंडनच्या थंडीत ते पिढ्यान्‌पिढ्या रुजलेत. माय कितीतरी वेळ मान वर करून उभी होती. इथं आल्यापासून ती पहिल्यांदाच एवढी खुलली.

बाकावर बसून धपाटे उघडले. धाकटीनं हातातला तुकडा शेंगदाण्याच्या चटणीसकट क्षणभर बाकावर ठेवला, तर खारीनं तो पळवला. आम्ही घातला नव्हता, तिनं नेला. ओकच्या बुंध्यावर बसून दोन्ही पंजांत धरून तिनं आधी चटणीतले दाणे टिपले, मग ज्वारीची कड कुरतडली. इथली खार करडी, अमेरिकेतून आणलेली, अंगानं आपल्या खारीच्या दुप्पट, आणि पाठीवर पट्टे नाहीत. "हिच्यावरून रामानं हात फिरवला नाही का, आजोबा?" धाकटीनं विचारलं. "राम हिकडं आला न्हाई ना बाळा," अण्णा म्हणाले, आणि धपाट्याचा दुसरा तुकडा तिच्या हातात नीट धरायला दिला.

इथं वाढणाऱ्या पोरांना रान-जनावर काय कळणार, असं गावाकडून मला पुष्कळदा ऐकावं लागतं. त्या दिवशी धाकटीनं काटेरी फळं सोलून चेस्टनटनी खिसे भरले होते. ही फळं हरणांचं आणि खारींचं हिवाळ्याआधीचं खाणं, म्हणून इथून नेता येत नाहीत, हे मी सांगितलं. ती रडली नाही. परत जाऊन झाडाखाली एकेक करून मांडून आली. पाखरांसाठी बांधावर ओंजळभर दाणे ठेवणारी माझी आजी मला तिच्यात दिसली.

फाटकाकडे निघताना अण्णांनी विचारलं, "पन्नास मीटर म्हंजे किती पावलं गं?" मी अंदाजानं सत्तर सांगितली. तेव्हापासून हरीण दिसलं की ते पावलं मोजून जागा धरतात आणि नातवंडांना हातानं मागे घेतात.

काल धुवायला काढलेल्या कोटाच्या अस्तरात एक चेस्टनट सापडला. शनिवारी तो परत त्याच झाडाखाली ठेवायला जायचं ठरलंय. मायनं आजच धपाट्यांसाठी दही लावलंय.