तुम्ही विचारलंत म्हणून: कोडिंग शिकू की पर्यावरण?

शहरांच्या पर्यावरणाचं काम करते म्हटलं की विद्यार्थी हमखास विचारतात, "स्मार्ट शहरांसाठी काम करायचंय, तर कोडिंग शिकू की पर्यावरण?" यामागची खरी शंका अशी, की जागोजागी सेन्सर बसल्यावर माती-पाणी कळणाऱ्या माणसाला काम काय उरणार?

भरपूर उरतं. हवेतले सूक्ष्म कण मोजणारा स्वस्तातला सेन्सर घ्या. आतला पंखा हवा ओढतो, कणांवर लेझर पडतो आणि विखुरलेल्या प्रकाशावरून पीएम २.५ चा आकडा निघतो. हवा फार दमट झाली की कण ओलावा शोषून फुगतात, प्रकाश जास्त विखुरतो. धूळ तेवढीच, आकडा मात्र चढलेला! मग तो सेन्सर काही काळ प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून, आर्द्रतेच्या नोंदी ताडून दुरुस्तीचं सूत्र काढावं लागतं. सूत्र कोडमध्ये बसवणं सोपं. पण आकड्यावर शंका कुणी घ्यायची?

झाडांचंही तसंच. हिरवळ वाढलेली उपग्रहाला दिसते. पण उंच इमारतींमधल्या अरुंद, रहदारीच्या रस्त्यावर दाट फांद्यांचं छत झालं, तर वारा अडतो आणि गाड्यांचा धूर खालीच कोंडू शकतो.

सिंगापूरचं बिशान-आंग मो किओ उद्यान मला फार आवडतं. तिथे कलांग नदी २.७ किलोमीटरच्या काँक्रीटच्या कालव्यात कोंडलेली होती. तो काढून ३.२ किलोमीटरचं वळणावळणाचं पात्र केलं. २०१२ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. काठ धरून ठेवायचं काम आता दगडांकडे आणि मुळांकडे आहे. कुठली रोपं, कुठली बांधणी पाण्याच्या लोंढ्यात टिकेल, हे आधी छोट्या पट्ट्यात करून पाहिलं. सेन्सरही आहेतच: पाणी चढू लागलं की दिवे लुकलुकतात, भोंगा वाजतो, लोक वर सरकतात. पण पसरायला जागा मिळाली म्हणून ती नदी हळूहळू चढते, नाहीतर भोंगा ऐकून पळायला वेळ कुठला?

'कौशल्य' म्हटलं की सगळ्यांना पदवीच आठवते, याचा मला राग येतो. पावसाचं पाणी जिरवणाऱ्या बागेत वरती बारीक गाळ बसला की पाणी तुंबतं. रोपांना धक्का न लावता तो थर खरवडायचा, हे जाणणारा माळी नसेल तर बागेचं डबकं होतं. सॉफ्टवेअरच्या देखभालीचा करार कुणी विसरत नाही. माळ्याच्या प्रशिक्षणाला पैसे मागा, लगेच कपाळाला आठ्या.

तर, कोडिंग शिकाच. सोबत एक खड्डा खणा, पाणी ओता आणि ते किती वेळात जिरतं ते मोजपट्टी-घड्याळ घेऊन मोजा. मुलाखतीला माझ्यासमोर आलात, तर मी आधी त्याबद्दलच विचारीन.