सकाळचं मनगट

गणपतीच्या दिवसांत पेठांमधल्या दवाखान्यांचं वेळापत्रक गणपतीच ठरवतात. संध्याकाळी रस्ते बंद, रिक्षावाले नदी ओलांडायला तयार नाहीत. म्हणून त्या आठवड्यात दुपारची सगळी मुलं मी सकाळी बोलावली. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. बटण लावणं, घास उचलणं, पेन्सिल धरणं, पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवणं, मुलांच्या हातांची ही सगळी कामं माझ्याकडे. लोक मला फिजिओ म्हणतात. मीही आता दुरुस्त करत बसत नाही.

छकुली (घरातलं लाडाचं नाव, खरं लिहीत नाही) आठ वर्षांची, डाऊन सिंड्रोम असलेली. उन्हाळ्यात ती गावी गेली, मग शाळा सुरू झाली, आणि मोठ्या खंडानंतर त्या दिवशी येणार होती. आईच्या हातात शाळेची चिठ्ठी होती. मुलगी हट्टी झाली आहे, लिहायला बसत नाही, डबा उघडून मागते, जिन्यापाशी ‘उचल’ म्हणून हात वर करते. आईने मध्यंतरी एका डॉक्टरांनाही दाखवलं होतं. ‘या मुलांचं असं चालायचंच,’ असं ऐकून ती परत आली होती. हे वाक्य मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय की आता रागही येईनासा झालाय. मूल चिडलं तरी डाऊन, झोपलं तरी डाऊन, रडलं तरी डाऊन.

साडेआठला धायरीहून तिघी आल्या. आजी, आई आणि आईच्या कडेवर छकुली. तिला चटईवर उतरवलं आणि कोपऱ्यातला खेळण्यातला ढोल दाखवला. ती लगेच उठायला गेली. मुलं उठताना काय करतात, तळवा सपाट जमिनीवर टेकवतात आणि रेटा देतात. छकुलीने मुठी वळल्या, बोटांची पेरं जमिनीला लावली, मग कोपर टेकलं, मग खांदा भिंतीला लावून सरकत सरकत उभी राहिली. ढोलापाशी पोचल्यावर थापही तळव्याने मारली नाही, कोपरापुढचा हात आडवा करून मारली. आजी कौतुकाने हसल्या. माझं लक्ष मनगटावरून हलेना.

मी तिचा उजवा हात हातात घेतला. या मुलांची बोटं मुळातच आखूड आणि गुबगुबीत असतात, त्यामुळे सूज सहज लपते. पण मधल्या दोन बोटांच्या सांध्यावरच्या सुरकुत्या पुसल्या गेल्या होत्या, कातडी ताणलेली, किंचित चकाकणारी. मनगट हातापेक्षा गरम लागत होतं. ‘दुखतं का गं?’ विचारलं तर ‘नाई’. रडली नाही, ओरडली नाही. दुसऱ्या हाताने तिने माझी बोटं एकेक करून सोडवली आणि स्वतःचा हात फ्रॉकखाली ठेवून दिला.

जुनी फाईल काढली. मनगट मागे किती वळतं ते आम्ही गोनिओमीटरने, म्हणजे सांध्याच्या कोनमापकाने मोजतो. फाईलमध्ये आकडा होता 95 अंश, त्या सकाळी भरले 65. खरी मेख इथे आहे. 65 ते 70 अंश हा पुस्तकात ‘नॉर्मल’ म्हणून छापलेला आकडा. पहिल्यांदाच तिला बघणाऱ्याने तो मोजला असता तर नॉर्मल लिहून मोकळा झाला असता. डाऊनच्या मुलांचे सांधे सैल असतात, कुठेही कसेही वळतात. त्यांच्या बाबतीत ‘नॉर्मल’ आकडा म्हणजे बरंच काही गमावल्याची खूण असू शकते. मुलाची तुलना मुलाशीच करावी लागते, पुस्तकाशी नाही.

आईला विचारलं, ‘ताई, सकाळी उठल्यावर कशी असते?’

‘सकाळी फार चिडचिड करते, मॅडम. ब्रश धरत नाही, चप्पल घालू देत नाही. दहा-अकरानंतर माणसात येते.’

‘पावसाळी हवा आहे, आखडते पोर,’ आजी म्हणाल्या.

आजींचा ‘आखडते’ हा शब्द बरोबर होता, फक्त पावसाळी हवेचं कारण चुकलं होतं. सांध्याच्या अस्तराला सूज असली की रात्रभराच्या विश्रांतीनंतर तो आखडतो आणि हलता राहिला की मोकळा होतो. नेहमीप्रमाणे दुपारी चारला आली असती, तर कदाचित तळवा टेकून उठलीही असती.

ओळखीच्या बालसंधिवाततज्ज्ञांना फोन लावला. त्यांनी त्याच आठवड्यात बघितलं. जुने-नवे आकडे घेऊन मीही गेले. रक्तात सूज दाखवणाऱ्या ईएसआर, सीआरपी या तपासण्या नॉर्मल, संधिवाताची ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर तपासणीही निगेटिव्ह. आईचा चेहरा खुलला. ‘म्हणजे नाहीये ना काही?’ डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. या मुलांच्या संधिवातात रक्त बरेचदा साफ येतं, सांधे बघावे लागतात. सोनोग्राफीत दोन्ही मनगटांत पाणी दिसलं. आयर्लंडमधल्या संशोधकांनी डाऊनच्या मुलांचे सांधे पद्धतशीर तपासले, तेव्हा हा संधिवात इतर मुलांपेक्षा 18 ते 21 पट जास्त आढळला. हात आणि मनगटाचे छोटे सांधे धरायची त्याला खोड आहे, आणि निदान उशिरा झालं तर हाड झिजायला लागलेलं असतं.

मग आजींनी असा प्रश्न विचारला की डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसले. ‘अहो, हिची प्रतिकारशक्ती कमी म्हणून तर सारखी सर्दी, दोनदा निमोनिया. मी रोज गुळवेलीचा काढा देते. मग हा आमवात आला कुठून?’

डॉक्टर म्हणाले, ‘आजी, कमी-जास्तीचा हिशोबच नाही हा. घडीच विस्कटलेली आहे.’ आणि त्यांनी कागदावर गुणसूत्रं काढली. 21 क्रमांकाचं गुणसूत्र दोनऐवजी तीन, हे 1959 मध्ये फ्रान्समध्ये जेरोम लेज्यून यांच्या चमूने छापलं. त्या गुणसूत्रावर काय काय लिहिलंय हे नंतर कळत गेलं. विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिनं सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात. ती हाक ऐकणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, बनवणाऱ्या सहा जनुकांपैकी चार या 21व्या गुणसूत्रावर आहेत. ‘भिंतींना कान असतात म्हणतो ना आपण, हिच्या पेशींना जरा जास्तच कान आहेत. कुजबुजही त्यांना आरोळी वाटते.’ आजींना हे पटकन कळलं. कोलोरॅडो विद्यापीठातल्या चमूने 2016 मध्ये दाखवलं की या व्यक्तींच्या पेशींमध्ये इंटरफेरॉनचा इशारा सतत चालू असल्यासारखा असतो. आजार असो-नसो, शरीर कायम धामधुमीत. दुसरीकडे टी पेशी तयार करणारी छातीतली थायमस ग्रंथी लहान, जंतूंशी लढणाऱ्या टी आणि बी पेशी कमी, काही लसींचा प्रतिसादही फिका. म्हणून जंतूंसमोर कमजोर आणि स्वतःच्या सांध्यांवर, थायरॉइडवर, आतड्यावर, केसांच्या मुळांवर आक्रमक, हे दोन्ही एकाच मुलात नांदतं. थायरॉइडचे विकार, सीलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लूटेनने आतडं बिघडवणारा आजार), चाई पडणं या मुलांत जास्त दिसतं ते याच घोळातून.

गुळवेल मात्र त्यांनी तिथल्या तिथे बंद करायला सांगितली. 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये यकृताला सूज आल्याचं नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मानला नाही. वाद तज्ज्ञ घालतील. पण ज्या मुलीला यकृतावर ताण देऊ शकणारं औषध सुरू करायचंय, तिला ‘इम्युनिटी वाढवणारं’ काही देऊ नये हे मला सरळ वाटतं. दुकानात त्या नावाने काय काय विकतात ते बघितलं की माझं डोकं फिरतं, पण तो वेगळा विषय.

औषध मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदाच, रोज नाही. हे डॉक्टरांनी आईकडून परत म्हणवून घेतलं, कारण चुकून रोज दिलं तर ते जिवावर बेततं. आईने कॅलेंडरवर रविवारांना लाल गोल केले. डाऊनच्या मुलांना या औषधाने मळमळ, तोंड येणं जास्त होतं. फोलेट हे जीवनसत्त्व पेशीत नेणाऱ्या आणि हे औषधही आत घेणाऱ्या प्रथिनाचं जनुकही त्याच 21व्या गुणसूत्रावर आहे. सोबत फॉलिक अ‍ॅसिड, ठरावीक काळाने रक्ततपासणी. मनगटात स्टेरॉइडचं इंजेक्शन भूल देऊन दिलं. मानेचे मणके सैल असू शकतात, म्हणून भूलतज्ज्ञांनी मानेकडे आधीच नीट बघून घेतलं होतं.

स्प्लिंट, म्हणजे मनगटाला आधार देणारी पट्टी, माझ्याकडे. थर्मोप्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात टाकला की पापडाच्या लाटीसारखा लवचीक होतो. पुसून, कोमट झाल्यावर हातावर ठेवायचा आणि गार होऊन कडक होईपर्यंत आकार धरून बसायचं. छकुली तेवढा वेळ हात स्थिर ठेवेल याची मला खात्री नव्हती. आजींनी ‘सुखकर्ता’ सुरू केलं, ती डावा हात आरतीसारखा फिरवत राहिली आणि उजवा माझ्या मांडीवर विसरून गेली. वेल्क्रो तिने जांभळा निवडला. दुसऱ्या दिवशी शाळेत तो उघड-मीट करण्यात तिने एक अख्खा तास घालवला, अशी नवी चिठ्ठी आली.

दिवाळीनंतर मोजलं तेव्हा उजवं मनगट 80वर आलं होतं, डावं त्याहून बरं. डबा ती आता स्वतः उघडते. औषध रविवारी संध्याकाळी देतात, सोमवारी सकाळी मळमळते, त्या दिवशी शाळा कधी होते कधी नाही. गोळीऐवजी इंजेक्शनवर जायचं का, याचा विचार चालू आहे. तेवढ्याने भागलं नाही तर बायोलॉजिक, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतला नेमका एखादा इशारा अडवणारी औषधं आहेत, पण ती दबलेला टीबी जागा करू शकतात म्हणून त्याआधी टीबीची तपासणी. जॅक इनहिबिटर नावाच्या, इंटरफेरॉनचा इशारा आतून मंदावणाऱ्या गोळ्यांच्या चाचण्याही कोलोरॅडोत डाऊनच्या रुग्णांवर झाल्यात. आईने ते नाव वहीत उतरवून घेतलंय.

माझ्याकडे येणाऱ्या डाऊनच्या प्रत्येक मुलाला आता अधूनमधून मुद्दाम सकाळी बोलावते आणि मनगटं मोजून ठेवते. पालकांची कुरकुर असते. सकाळी धायरी फाट्यावरून निघणं म्हणजे काय ते मलाही माहीत आहे. ज्यांना जमत नाही त्यांना सांगते, अंथरुणातून उठतानाचा व्हिडिओ पाठवा. परवा हडपसरहून एक आला, सहा वर्षांचा मुलगा, उठून जिना उतरताना दोन्ही पाय एका पायरीवर आणतो. दुपारचा त्याचा व्हिडिओही मागवलाय. सोमवारी साडेआठला बोलावलंय.