लग्न लागलं कुणाच्या पद्धतीनं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. भाचीच्या लग्नाला वर्ष होत आलं, तरी नांदेडात कुणी भेटलं की चहा येईपर्यंत विषय तिथं जातोच : "पोरगा तेलुगू ना? मग लग्न लागलं कुणाच्या पद्धतीनं?" या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो, की नमतं कुणी घेतलं. मी मुलीचा मामा. अंतरपाटाच्या वेळी तिच्या पाठीशी मीच उभा होतो. जे पाहिलं ते सांगतो.

जावई निजामाबादचा. इथून देवगिरी एक्स्प्रेसनं सरळ जाता येतं. गोदावरीही नांदेडवरून धर्माबादकडं आणि तिथून पुढं बासरला जाते. आमच्या घरातल्या पोरांची पहिली पाटी बासरच्या सरस्वतीपुढंच लिहिली गेली आहे. १९५६ पर्यंत नांदेड आणि निजामाबाद हे एकाच हैदराबाद राज्यातले जिल्हे होते. म्हणून "परक्यात पोरगी दिली" हे बोलणं मला लागतं. माझे वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. सोयरिकीच्या पहिल्या बैठकीत आम्ही मधली पिढी हिंदीत अडखळत होतो. तिकडं वडील आणि नवरदेवाचे आजोबा बाजेवर बसून दखनीत बोलायला लागले, ते ताटं वाढली तरी उठेनात.

पंचांगावरून काही अडलं नाही. दोघांचाही शालिवाहन शक, दोघांचेही महिने अमावास्येला संपणारे. आपला पाडवा तोच त्यांचा उगादी. अडलं ते मिनिटावर. आपल्याकडं पत्रिकेत १२ वाजून ३५ मिनिटं छापतात आणि परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीहून नाचत नाचत येईपर्यंत दोन वाजतात. त्यांच्यात मुहूर्ताचं मिनिट पाळायचं म्हणजे पाळायचंच, कारण त्या मिनिटाला जिलकर्र-बेल्लम होतं. जिरं आणि गूळ एकत्र वाटून त्याचा गोळा विड्याच्या पानावर घेतात आणि नवरा-नवरी तो एकमेकांच्या डोक्यावर ठेवतात. एकदा वाटलेलं जिरं आणि गूळ पुन्हा वेगळं करता येत नाही, असा त्याचा अर्थ सांगतात. त्यांच्या लेखी लग्न लागतं ते तेव्हा. आपल्या लेखी लागतं ते मंगलाष्टकं संपून अंतरपाट सरला की.

आमचे गुरुजी आणि त्यांचे पंतुलु यांना आदल्या दिवशी समोरासमोर बसवलं. मला वाटलं, आता वाद होणार. तासभर ते संस्कृतात आणि हिंदीत बोलत राहिले. मग गुरुजींनी मला हाक मारली आणि म्हणाले, "अहो, यांच्यातही मधी पडदा धरतातच की! अड्डुतेरा म्हणतात." त्यांच्यात पडदा असतानाच दोघं हात वर करून जिरं-गूळ ठेवतात आणि मग पडदा सरतो. म्हणजे दोन्हीकडं पाहणी एकाच क्षणाची. पंतुलूंनी एकच अट घातली : तुमची मंगलाष्टकं मोजून म्हणा. आत्या-मावश्यांनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं आम्ही आदल्या रात्री हळदीला म्हणून घेतली. परण्या सकाळी आठलाच काढला.

वैशाखातली ती सकाळ. मुहूर्त ११ वाजून ४७ मिनिटांचा. "तदेव लग्नं सुदिनं तदेव" सुरू झालं आणि पंतुलूंनीही त्यात सूर मिसळला, कारण तो श्लोक त्यांच्याही लग्नात म्हणतात. हजारभर माणूस उभं होतं. मी पडद्याच्या अलीकडं भाचीच्या खांद्याला धरून. तिचा हात पडद्यावरून पलीकडं गेला, त्याचा हात अलीकडं आला. आपली वाजंत्री आणि त्यांचा सन्नाईमेळम एकदम वाजला, पडदा सरला. आपल्या लोकांनी टाकली ती रंगवलेली ज्वारी, त्यांच्या लोकांनी टाकले ते हळदीचे तांदूळ. तुम्ही "कुणाच्या पद्धतीनं" विचारता तेव्हा मला ते मिनिट आठवतं, आणि त्याची वाटणी मला करता येत नाही.

त्याआधी मी तिला मांडवात आणलं ते टोपल्यात बसवून. आपल्याकडं गौरीहर पुजून झाला की मामा नवरीला हाताला धरून आणतो. त्यांच्याकडंही आधी गौरीपूजाच असते. मग वेताच्या मोठ्या टोपल्यात नवरीला बसवून मामा लोक उचलून आणतात. मी आणि माझे तीन चुलतभाऊ. लहानपणी जिला खांद्यावर घेऊन हिंडलो, तिचं वजन पुन्हा एकदा हातावर घ्यायला मिळालं. हा रिवाज आपल्यात का नाही, असं तेव्हा फार वाटलं.

जेवणाचं थोडक्यात. त्यांची पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, आपल्या लोकांनी दोनदा मागून घेतली, त्यांचे बक्षालु म्हणजे आपली पुरणपोळीच, आणि गोंगुरा म्हणजे अंबाडी हे कळल्यावर आचारी खूश झाला. मंगळसूत्रात आपल्या दोन वाट्या आणि त्यांचे दोन पुस्ते एकत्र ओवले. गाठी तीन मारल्या, त्यांच्या पद्धतीनं.

साडीवरून मात्र बायकांत कुजबुज झाली. मामाची पिवळी साडी मी दिलीच होती, पण विधीच्या वेळी त्यांच्यात मधुपर्कम नेसवतात, पांढरी, लाल काठाची. "लग्नात पांढरं?" असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांचे डोळे माझ्या ताईकडं वळले.

ते मला सांगायलाच हवं. दाजींना जाऊन सात वर्षं झाली. दोन्ही पद्धती एका गोष्टीत तंतोतंत सारख्या निघाल्या : विधवा आईनं मागं बसायचं. कन्यादान मी आणि माझ्या बायकोनं करायचं ठरलं होतं. आमच्या चुलती म्हणाल्या, "तिनं कडेला बसावं, पोरीचं भलं त्यातच आहे." पंतुलूंनीही दांपत्यच हवं असं सांगितलं. भाची म्हणाली, आईचा हात नसेल तर मी पाटावर बसणार नाही. मी तिला म्हणालो, "एका दिवसाचा तर प्रश्न आहे, जाऊ दे." हे मी म्हणालो, आणि त्याची लाज मला आजही आहे. तिनं फोनवर हेरवाडची बातमी काढून माझ्यापुढं धरली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या त्या गावानं २०२२ साली ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केली. बातमी मी तेव्हाच वाचली होती, चांगलं झालं असंही म्हणालो होतो. माझ्याच घरच्या मांडवात ती कधी येईल, हे मनात आलं नव्हतं.

तोड काढली विहीणबाईंनी. त्यांचा फोन आला, "अम्मा कहाँ बैठेगी?" मी खरं ते सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला आणि एकच वाक्य, "पानी तो अम्माच डालेगी." त्यातला तो "च" मराठीतून दखनीत गेलेला आहे. तो मला त्यांच्या तोंडून ऐकावा लागला. पंतुलूंना त्यांनी कसं समजावलं, ते मी विचारलं नाही.

पाटावर आम्ही नवरा-बायको बसलो, मध्ये ताई. पाय धुण्याचा विधी जावयानंच नको म्हटला. कलश ताईनं धरला. धार सरळ पडत नव्हती, तिचा हात थरथरत होता, म्हणून मी खालून आधार दिला. चुलती आणि त्यांच्याबरोबरची दोन घरं तेव्हाच उठून गेली, जेवली नाहीत. अजून बोलणं नाही. ताईला नंतर बायकांनी हळद लावायचा आग्रह केला, तो मात्र तिनं ऐकला नाही. "मला जे पाहिजे होतं ते झालं," म्हणाली.

पाठवणीच्या आधी तिनं लेकीला खोलीत नेलं. डोक्यावरचा गूळ वाळून केसांत घट्ट बसला होता. ताईनं कोमट पाणी मागवलं, मांडीवर ताट घेतलं आणि एकेक बट भिजवून मोकळी करत बसली. ताटात ज्वारी पडली, तांदूळ पडले, जिरं पडलं. बाहेरून दोनदा हाक आली, गाडी उभी आहे म्हणून.

"थांबा म्हणावं," ताई म्हणाली, "अजून मागची बट राहिलीय."