तुम्ही विचारलंत म्हणून : स्वप्नात साप येतो, त्याचा अर्थ काय?

मधुमेहाबद्दल मला कोणी फारसं विचारत नाही. पथ्य सांगितलं की माना डोलावतात आणि घरी जाऊन आमरस ओरपतात. स्वप्नाचा अर्थ मात्र हमखास विचारतात. तोही तपासणी आटोपल्यावर, पिशवी उचलून दारापर्यंत जाऊन परत फिरल्यावर. "मॅडम, येक इचारू? सपनात जनावर येता. काय वायट तर होवचा नाय मा?" आमच्या मालवण-वेंगुर्ल्याकडे दिवेलागणीनंतर सापाचं नाव घेत नाहीत, म्हणून जनावर. नातेवाईक हेच फोनवर विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसून विचारतात. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, गावातली साधी डॉक्टर. पण एवढ्या लोकांची स्वप्नं ऐकली आहेत की आता एकदा लिहूनच टाकते. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलले आहेत.

आधी घाबरलेल्यांसाठी: स्वप्नामुळे काही होत नाही. दात पडलेला दिसला म्हणून घरातलं माणूस जात नाही, लग्न दिसलं म्हणून मयत होत नाही. मेलेला दिसला की त्याचं आयुष्य वाढतं म्हणतात, तेही खरं असतं तर आमचा धंदा बसला असता.

आता याद्यांचं बघू. पंचांगात, जत्रेतल्या पुस्तकांत आणि हल्ली मोबाइलवर स्वप्नफळांच्या याद्या मिळतात. अमुक दिसलं तर तमुक. पण एकाच सापाचं काय काय होतं बघा. सातेरी आमच्याकडे वारुळाच्या रूपात पुजली जाते, त्यामुळे तिच्या गावात साप दिसला की देवीने आठवण केली. खाडीपलीकडे तोच साप म्हणजे राखणदार रागावला. मुंबईहून आलेल्या सुनेच्या माहेरी कालसर्पयोग. कॉलेजात शिकलेल्या भाच्याला मनोविश्लेषक फ्रॉईड आठवतो आणि तो हसू दाबत बाहेर जातो. खुद्द फ्रॉईडने सापाला लैंगिक प्रतीक म्हटलं हे खरं, पण तो स्वप्न पाहणाऱ्यालाच विचारायचा, यावरून तुला काय काय आठवतं ते सांग. भाच्याने तेवढं पान वाचलेलं नसतं.

शिवाय कोकणात साप आधी साप असतो. काजूच्या बागेत पाला गोळा करणाऱ्या बाईच्या हाताशी फुरसं असतं. जेमतेम हातभर, वाळक्या पानाच्या रंगाचं, वेटोळं करून अंगावरचे खवले एकमेकांवर घासतं तेव्हा करवत चालल्यासारखी खरखर येते. ती खरखर ऐकून जी एकदा मागे सरकली आहे, तिच्या स्वप्नात ते फुरसं येणारच. तिथे देवही नको आणि फ्रॉईडही नको, पायात गमबूट हवेत.

म्हणून सापाने काय केलं हे मी विचारत नाही. "तू काय केलंस?" हे विचारते. इथे उत्तरं वेगळी होतात. एक जण म्हणतो, पळायचं होतं, पाय उचलेनात. एक म्हातारी म्हणाली, मी त्याला दूध घालत होते, भीती अशी वाटलीच नाही, जाग आल्यावर वाटली. आणि एक तरुण सून म्हणाली, तो माझ्या ट्रंकेत होता आणि मी सासूबाईंना ट्रंक उघडू देत नव्हते. पुढे दोन-तीन वेळा ती ब्लडप्रेशर दाखवायला आली, तेव्हा कळलं की माहेरचे दागिने तिने भावासाठी गहाण टाकले होते आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. यादीत 'ट्रंकेतला साप' सापडायचा नाही. ते स्वप्न त्या घरातलं, त्या ट्रंकेचं आहे.

पाय उचलत नाहीत त्याचं कारण मात्र सगळ्यांना बहुधा एकच. १९५३ मध्ये शिकागोत आसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवून दिलं की झोपेत ठरावीक अंतराने डोळे पापण्यांआड भराभर हलू लागतात, आणि त्या वेळी उठवलं तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो. या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडून देतो, नाहीतर आपण स्वप्नातलं सगळं अंथरुणात करून दाखवलं असतं. कधी जाग आधी येते आणि स्नायू मागाहून सुटतात. मग छातीवर कोणीतरी बसलंय, हाक मारायची पण आवाज फुटत नाही, असं होतं. दर गावात याला एखाद्या भुताचं नाव आहे. मिनिटा-दोन मिनिटांत ते आपोआप सुटतं. अशी झोप साधारण दीड तासाने येते आणि रात्र सरेल तसतशी लांबत जाते. पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणतात, त्यातला खरा भाग एवढाच की पहाटे स्वप्नं जास्त पडतात आणि जाग जवळ असल्यामुळे लक्षात राहतात.

उलटंही होतं. साठीच्या पुढचा एखादा माणूस झोपेत खरंच लाथा झाडतो, बायकोला ठोसा बसतो, विचारलं तर सांगतो चोराशी मारामारी चालली होती. तिथे स्वप्नाचा अर्थ लावत बसू नका, मेंदूच्या डॉक्टरकडे न्या. पुढे येणाऱ्या कंपवाताची ती कधीकधी आगाऊ खूण असते.

वैद्यांनी यावर फार पूर्वी विचार केलाय आणि तो मला याद्यांपेक्षा शहाणा वाटतो. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार आहेत: पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, मनात इच्छिलेलं, कल्पिलेलं, पुढचं सुचवणारं आणि दोषांमुळे, म्हणजे शरीरातल्या बिघाडामुळे, पडणारं. यातले पहिले पाच निष्फळ, असं चरक सरळ सांगतो. दिवसा पडलेलं, अगदी छोटं किंवा फार लांबलेलं स्वप्नही निष्फळ. म्हणजे आपल्याला पडतात त्यातली बहुतेक त्याने तिथेच निकालात काढली. सहाव्या प्रकाराबद्दल माझं आणि चरकाचं पटत नाही, पण सातव्यासाठी मी त्याला नमस्कार करते. ब्लडप्रेशरच्या किंवा हात थरथरण्याच्या काही गोळ्यांनी, प्रोप्रानोलॉल त्यातली नेहमीची, विचित्र आणि भडक स्वप्नं पडू शकतात. ताप चढला की पडतात. रोजची दारू एकदम सोडली की दबलेली स्वप्नझोप उसळून येते आणि पहिले काही दिवस माणूस रात्रभर दचकतो. त्यामुळे "हे कधीपासून?" हा माझा दुसरा प्रश्न. उत्तर "नवी गोळी चालू केल्यापासून" असं आलं की अर्धं काम झालं. (गोळी आपल्या मनाने बंद करू नका. मला विचारा.)

सगळ्यात अवघड असतात ती गेलेल्या माणसांची स्वप्नं. एक बाई भाद्रपदात आली. सावंतवाडीकडच्या माहेरची, इकडे दिलेली. "मॅडम, आवस सपनात येता. पडवीत उभी रवता नि जेवक मागता." घरच्यांनी निदान केलेलंच होतं: भावाने मुंबईला बसून यंदा म्हाळ घातला नाही, म्हातारी उपाशी फिरतेय. वहिनीचं नाव त्यात घेतलं गेलंच. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. तू काय करत होतीस? म्हणाली, मी पेजेचा टोप घेऊन उभी असते आणि मला वाटी सापडत नाही. फळीवर नाही, चुलीजवळ नाही, आणि आई नुसती बघते.

आई गेली कशी, हे विचारल्यावर ती बराच वेळ हातातल्या पिशवीचा बंद गुंडाळत राहिली. शेवटचे काही दिवस आई इस्पितळात होती. तोंडाने काही द्यायचं नाही, असं डॉक्टरांचं सांगणं होतं. आई पेज मागायची. घोटभर निवळ तरी दे गो, म्हणायची. आणि ही नाही म्हणायची, कारण द्यायची नाही असं सांगितलं होतं. आई गेली ती न जेवता गेली.

डॉक्टर म्हणून माझं काम मी केलं. तिला सांगितलं की त्या अवस्थेत गिळताना पेज श्वासनलिकेत गेली असती, गुदमरली असती, तुझं नाही म्हणणं म्हणजे तिची काळजी घेणंच होतं. हे तिला आजवर कोणी समजावून सांगितलं नव्हतं. बंदी घातली होती, कारण सांगितलं नव्हतं. मग तिने विचारलं, म्हाळ घालू की नको? मी म्हटलं, जरूर घाल. भावाने नाही घातला तर तू पान वाढ, पेज कर, तिच्या आवडीचं लोणचं वाढ. माझ्या काही मित्रांना हे आवडणार नाही, डॉक्टरीण असून असं सांगते म्हणून. पण त्या बाईला आईसाठी वाटी भरायची होती आणि आपल्याकडे त्याची रीत तयार आहे. ती मोडून मी दुसरं काय देणार होते, झोपेची गोळी? फक्त एक अट घातली, वहिनीचं नाव यातून काढायचं.

स्वप्न थांबलं का? नाही. आई अजून येते, म्हणते. पण आता ती मला सांगताना घाबरत नाही.

देवळात गाऱ्हाणं घालायला, गुरवाकडून कौल लावून घ्यायला माझी हरकत नसते. हरकत असते ती "तुमच्या भावकीतल्याच कोणीतरी केलंय" असं सांगणाऱ्याला. एका स्वप्नापायी बांध, विहीर, बोलणं-चालणं बंद झालेली घरं मी पाहिली आहेत. करणीच्या नावाने पैसे उकळणाऱ्या आणि छळणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे.

काही स्वप्नांना मात्र प्रतीक वगैरे काही नसतंच. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यातून वाचलेल्या एका ओळखीच्या दुकानदाराला पाऊस लागला की पाणीच दिसतं. जसं घडलं तसंच, जिन्याच्या त्याच पायरीपर्यंत. ही आठवण आहे, मेंदूला ती अजून खाली ठेवता आलेली नाही. यावर एक साधा उपाय आहे आणि त्याचा अभ्यासही झालाय. दिवसा, उजेडात, स्वप्न कागदावर लिहायचं. मग त्यात हवा तिथे, हवा तसा बदल करायचा आणि तो बदललेला प्रसंग रोज दहा-वीस मिनिटं डोळ्यांपुढे आणायचा. बदल तर्काला धरून असायला हवा असं नाही. त्या दुकानदाराने पाणी थांबवलं नाही, जिन्याला आणखी पायऱ्या जोडल्या. फार जुना किंवा भयंकर प्रसंग असेल तर हे एकट्याने करू नका, तज्ज्ञासमोर करा.

औषधाचंही सांगते, कारण त्यात कोकणचा हात आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून माणसं वाचवली, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा जो कल्लोळ उठतो, त्याला ते आवर घालतं. हेच प्राझोसिन पुढे युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या भयस्वप्नांवर वापरलं गेलं. सुरुवातीच्या छोट्या चाचण्यांत गुण आला, पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन चाचणीत प्राझोसिन हे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. तरी काहींना उपयोग होतो म्हणून अजून देतात. विंचवाइतकी खात्री मात्र तिथे नाही.

झोपायचीच भीती वाटू लागली, तीच ती स्वप्नं आठवडेच्या आठवडे येऊ लागली, किंवा दिवसाही जीव द्यावासा वाटू लागला, तर दारातून परत फिरून विचारू नका, बसून विचारा. दवाखाना लांब असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

राहिले दात, कारण सापाखालोखाल विचारतात ते दातांचं. २०१८ मध्ये इस्रायलच्या दोन संशोधकांनी तपासलं तेव्हा दात पडल्याच्या स्वप्नांचा संबंध मनाच्या त्रासाशी दिसला नाही, सकाळी उठल्यावर दात-हिरड्यांत जाणवणाऱ्या ताणाशी दिसला. म्हणून मी विचारते, सकाळी जबडा आंबलेला असतो का? झोपेत दात खाता असं घरचे म्हणतात का? हो म्हटलंत तर घरातल्या कोणाची काळजी करू नका, दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावा.