खाली पहिला, वर शेवटून दुसरा

गव्हाच्या ट्रायलचं, म्हणजे वेगवेगळे वाण लावून तुलना करायचं काम करते म्हटलं की लोक हमखास विचारतात, मॅडम सगळ्यात जास्त उत्पन्न कुठल्या वाणाचं? मी आधी विचारते, कुठल्या गावात? जावळीतल्या एका काढणीच्या दिवसापासून हे असंच चालू आहे.

तेच वाण आम्ही दोन ठिकाणी लावले होते, एक खाली कराडकडं कृष्णाकाठच्या काळ्या रानात आणि दुसरं वर जावळीच्या डोंगरात, भाताच्या खाचरात. खाली नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरणी उरकली. वर भात निघून वाफसा यायलाच वेळ लागला आणि पेरणी डिसेंबरात गेली. पेरणी लांबली की दाणा भरायच्या टायमालाच ऊन तापायला लागतं आणि दाणा सुरकुततो. त्यात पाण्याचा प्रश्न, खाली २१ दिवसांनी मुकुटमुळं फुटताना पहिलं पाणी, मग कांडी धरताना, फुलोऱ्यात, चिकात, सगळी पाणी वेळेवर मिळाली आणि वर ओढ्यावरची मोटर फेब्रुवारीतच बंद पडली कारण ओढाच आटला. दोन पाण्यांवर पीक आलं.

आमच्या टॅगवर वाणाचं नाव नसतं, फक्त नंबर असतो. वर जावळीत काढणीला कडेच्या ओळी सोडून मधल्या कापल्या, पेंढ्या बांधल्या, मळून जागेवर वजन. खालच्या वजनांची वही माझ्या हातातच होती. खाली तिन्ही रेपमध्ये (प्रत्येक वाण तीनतीन वेळा लावतो, त्या तिन्हींत) पहिला आलेला नंबर इथं शेवटून दुसरा! वजनं परत घेतली, टॅग लेआउटशी, म्हणजे प्लॉटच्या नकाशाशी ताडून बघितले, सगळं बरोबर होतं. आणि खाली मधेच कुठंतरी असलेला एक नंबर इथं वर आला होता, दाणा ठोकळ नाही पण भरलेला.

ज्यांचं रान त्या आक्का वजनं ऐकत बांधावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "त्यो पाण्याचा हावरा हाय ताई. व्हळ आटला की त्यो बी बसला." आणि शेजारच्या पट्ट्यातल्या त्यांच्या खपली गव्हाचं वजन मी घ्यायला लागले तर लगेच, "त्ये आत्ता नगा लिवू, टरफलासकट हाय. कांडा आन् मग तोला." एकदम बरोबर. खपलीचं टरफल मळणीत निघत नाही, तसंच वजन धरलं तर खपलीचं उत्पन्न फुगतं आणि तुलनाच खोटी होते. आम्ही कांडूनच तोललं.

ठिकाण बदललं की वाण कसा बदलतो, ह्या हिशोबाची पद्धत जुनीच आहे. १९६३ साली फिनले आणि विल्किन्सन यांनी ऑस्ट्रेलियात बार्लीवर केला, १९६६ साली एबरहार्ट आणि रसेल यांनी त्यात भर घातली. प्रत्येक ठिकाणच्या सगळ्या वाणांची सरासरी काढायची, ती त्या ठिकाणाची कुवत समजायची, आणि त्या कुवतीबरोबर एकेक वाण किती वरखाली होतो ते बघायचं. ह्या वरखाली होण्याच्या रेषेचा उतार १ च्या आसपास असेल तर वाण रानाच्या चालीनं चालतो. १ पेक्षा बराच जास्त असेल तर चांगल्या रानात उसळतो आणि हलक्या रानात जास्तच आपटतो. शिवाय वाण त्या रेषेपासून किती भरकटतो तेही बघायचं, जितका कमी तितका भरवसा जास्त. अर्थात दोन ठिकाणांवर असा उतार काढून काही सिद्ध होत नाही, त्याला बरीच ठिकाणं आणि दोनतीन हंगाम लागतात. पण क्रम असा उलटा झालेला हातातल्या पोत्यांवर बघितला की नुसत्या सरासरीवर शिफारस करायला मन धजत नाही. दोन्ही ठिकाणांची सरासरी काढली असती तर तो पाण्याचा हावरा नंबरच वर राहिला असता, आणि आक्कांसारख्यांच्या घरी तोच गेला असता, वर्षाच्या चपातीचा गहू म्हणून.

वर तांबेऱ्याचाही, म्हणजे गेरव्याचाही (गव्हावरचा बुरशीचा रोग) विचार करावा लागतो. महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र आहे ते उगाच नाही, तिथल्या थंड हवेत तांबेरा कसून तपासता येतो. लोक-१ ह्या जुन्या वाणाचा दाणा लोकांना फार आवडतो, पण तांबेऱ्यापुढं त्याचं चालत नाही.

मी रिपोर्टात सरासरीच्या तक्त्याशेजारी ठिकाणवार वजनं, पेरणीची तारीख आणि पाण्याच्या पाळ्या असे वेगळे रकाने टाकले, आणि डोंगरातल्या उशिरा पेरणीची शिफारस वेगळी करावी असं स्पष्ट लिहिलं. तो मधला नंबर आता पाटणच्या वरच्या गावांत पण लावायचाय, दोन पाण्यांवरच.