यांत्रिक झडप आणि पालेभाजी

माझ्या हृदयातील, संधिवाताच्या तापाने निकामी झालेल्या मायट्रल झडपेच्या (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील झडपेच्या) जागी आता यांत्रिक झडप आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत विकसित झालेली आणि १९९० पासून रुग्णांना बसवली जाणारी ही झडप तुलनेने स्वस्त असल्याने आमच्यासारख्यांना परवडते. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून वॉरफॅरिनसारखी गोळी जन्मभर, रोज ठरलेल्या वेळी घ्यावी लागते आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा रक्ततपासणीतील आकडा) तपासून तिची मात्रा ठरते. या जागेच्या यांत्रिक झडपेसाठी तो साधारणपणे २.५ ते ३.५ असावा लागतो.

नातेवाईक सांगतात, पालक-मेथी बंद करा. हा सल्ला मला पटत नाही. पालेभाज्यांतील के जीवनसत्त्व गोळीचा परिणाम कमी करते हे खरे, परंतु भाजी पूर्णपणे सोडण्यापेक्षा दर आठवड्याला तिचे प्रमाण सारखे ठेवणे महत्त्वाचे असते; श्रावणात एकाएकी रोज पालेभाजी सुरू केली, तर आयएनआर घसरू शकतो. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून त्या मी विचारल्याशिवाय घेत नाही. दात काढण्यापूर्वी झडपेला जंतुसंसर्ग होऊ नये यासाठी प्रतिजैविक घ्यावे लागते, त्यामुळे दंतवैद्यांना झडपेविषयी आधीच सांगावे.