दोन तारखांचा सामना

अर्जेंटिनात रात्री नऊला सामना सुरू होतो तेव्हा पुण्यात सकाळचे साडेपाच वाजलेले असतात. माझी शिफ्ट तेव्हाची. तिथल्या लीगा नासिओनालचे, म्हणजे बास्केटबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगचे सामने थेट बघायचे आणि प्रत्येक चाल नोंदवायची. रिबाउंड, फाउल सोपे असतात. डोकं पिकतं ते असिस्टवर. पास घेतलेल्या गड्याने दोनदा चेंडू आपटून बास्केट केली, तर श्रेय पासवाल्याला द्यायचं का, हे क्षणात ठरवावं लागतं.

त्या दिवशीचा सामना उत्तरेकडच्या एका लहानशा शहरात होता. जानेवारी, म्हणजे तिकडचा ऐन उन्हाळा. बाहेर पाऊस, वर पत्रे, आत खचाखच माणसं, एसीचं नाव नाही. चौथ्या क्वार्टरमध्ये पाहुण्यांचा गार्ड वळताना घसरला तो थेट जाहिरातीच्या फळीवर आदळला. मी सवयीने टर्नओव्हर, म्हणजे चेंडू गमावल्याची नोंद, टाकला. पुढच्याच चालीत यजमानांचाही एक जण तसाच गेला. एवढ्या माणसांच्या घामाने आणि दमट हवेने लाकडी फरशीला दव सुटलं होतं. पोरं फडकी घेऊन धावली. पुसलं की मिनिटाभरात परत ओलं. रेफ्रींनी बूट घासून पाहिले आणि खेळ थांबवला. ६ मिनिटं १२ सेकंद बाकी, यजमान चारने मागे.

कॅमेरा प्रेक्षकांकडे वळला. कुणी उठलंच नव्हतं. ढोल चालू. पहिल्या रांगेत एक आजी काखेत थर्मास धरून 'माते', म्हणजे तिकडचा नळीने प्यायचा कडवट पाल्याचा चहा, ओतत होत्या. एकच नळी रांगभर फिरत होती. फरशी पुसून दमलेल्या पोरालाही त्यांनी हाक मारून घोट दिला.

फुटबॉलवेड्या देशात हे कसं, तर त्यामागे लेओन नाख्नुदेल नावाच्या कोचचा हट्ट आहे. आधी सगळी मातब्बरी ब्वेनोस आयरेसच्या क्लबांची. प्रांतातल्या पोराला नाव काढायचं तर राजधानी गाठावी लागे. लीग देशभराची हवी, हे त्याने लावून धरलं आणि १९८५मध्ये ती सुरू झाली. पहिलं विजेतेपद राजधानीतल्याच फेरोने नेलं खरं, पण पुढे कोर्दोबाच्या आतेनासने ती नऊदा जिंकली. बाहिया ब्लांकाचा मानू जिनोबिली अमेरिकेतली एनबीए लीग गाठण्याआधी इथेच खेळला. २००४मध्ये अथेन्सला ऑलिंपिक सुवर्ण मिळवणाऱ्या संघातले बहुतेक जण याच लीगमधून पुढे आलेले. माझ्या मते ते सुवर्ण नाख्नुदेलचंच. ते बघायला तो राहिला नाही, १९९८मध्येच गेला.

शेवटी जाहीर झालं, उरलेला खेळ उद्या. माझी फाइल बंद होईना, म्हणून सुपरवायझरना फोन लावला.

"सर, मॅच अर्धवट राहिली."

"का? पाऊस?"

"हो, म्हणजे... इनडोअर आहे, पण हो."

दुसऱ्या दिवशी गुण तेच, फाउल तेच. पाच फाउल होऊन आदल्या रात्री बाद झालेला पाहुण्यांचा सेंटर साध्या कपड्यांत बाकावर बसून होता. त्या सहा मिनिटांसाठी लोक पुन्हा ढोल घेऊन आले होते! यजमान दोनने हरले.

फाइल पाठवली तशी चेकिंगवाल्यांची मेल आली, एका सामन्याला दोन तारखा कशा, दुरुस्त करा. मी आजींचा स्क्रीनशॉट जोडून तशीच परत पाठवली.